पंचेचाळीस

ब्रनोत अकरा वाजताच बाराचे ठोके पडतात.
टेकडीवरच्या चर्चची घंटा, जुन्या वेढ्यापासूनची ही खोड,
कुणी दुरुस्त करत नाही.
बोहुमिला ठोके मोजते, मनात एक वजा करते.

झिडेनित्से, तिसरा मजला,
रेडिएटरवर मोजे वाळत घातलेले,
पडद्यावर चारशे बारा चाचण्या हिरव्या,
एक लाल.

मंगोलियातल्या खोव्दहून बात्सुख लिहितो,
हवामान केंद्रातून, वीस वर्षांच्या जुन्या राउटरवरून,
नवं घ्यायला मंजुरी नाही:
“बाई, तुमचं कुलूप माझ्याकडे लागतं.
उघडत नाही.”

चार दिवस ती त्याच पानात.
गणित बरोबर, किल्ली बरोबर.
इथे सगळं गुण्यागोविंदाने,
तिकडे तेच आकडे, तीच बेरीज, उत्तर भलतंच.
कोड तिचा नाही. लिहिणारा ओताकार
‘इथे हात लावू नये’ एवढीच टीप ठेवून
मधमाश्या पाळायला निघून गेला;
पत्राला उत्तर देत नाही,
नाताळात मध पाठवतो.

पाचव्या दिवशी ब्रेड आणायला खाली उतरली.
गल्ल्यावरची बाई, कोपरापर्यंत पीठ:
“पाच-आणि-चाळीस.”
बोहुमिलाचा हात नाण्यांवरच थांबला.
आधी पाच. मग चाळीस.
आपल्या पंचेचाळीससारखंच:
तोंडात पाच पुढे, पाटीवर चार पुढे,
आणि दोन्ही रीती एकाच घरात नांदतात म्हणून
कुणाला कधी ठेच लागली नाही.

सुटे पैसे तिथेच राहिले.

ओळ दोनशे सतरा.
ओताकारने चार बाइट एकदम उचलले होते,
मुठीत फुटाणे घ्यावेत तसे,
कुठला आधी ते न बघता.
इथल्या यंत्रात धाकटा पुढे उभा राहतो,
तिथल्या यंत्रात थोरला.
तिने एकेकाला बोटाला धरून
पाटावर नेऊन बसवलं.
सहा ओळी गेल्या, चार आल्या.

आणि मग, न शोधता दिसलं:
काम झाल्यावर किल्ली पुसून टाकायची ओळ
कंपायलरने परस्पर गाळलेली.
त्याचा हिशेब सरळ.
जिथे पुन्हा कुणी बघणार नाही
ते पुसायचं कशाला?
अंथरूण आवरायला सांगितलं की
तिचा मुलगा हेच म्हणायचा.
तिने कंपायलरला बजावलं, कुणीतरी बघणार आहे.
खोटंच.
पण आता तो पुसतो.

रात्री विद्यापीठाच्या तळघरात,
धाप लागलेल्या पंख्याच्या त्या एकुलत्या एक यंत्रावर,
जिथे थोरला पुढे उभा राहतो,
सगळ्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून.
पाऊण तास. म्हणजे मिनिटं पुन्हा तीच, तिला हसू आलं.
रखवालदार सोबिएस्लाव जुडगा वाजवत दोनदा येऊन गेला.
“अजून किती?”
“एक.”

चारशे तेरा.

खोव्दला तेव्हा उजाडत होतं.
बात्सुखचं उत्तर एका शब्दाचं: उघडलं.
आणि खाली, जाता जाता लिहावं तसं:
फक्त आज बाहेर उणे तीस आहे
आणि यंत्र म्हणतंय दोनशे सव्वीस.
घाई नाही.

उण्याची ती बारीक रेघ
वाटेत कुठेतरी गळून पडलेली.
सोबिएस्लाव दिवे मालवू लागला होता.
बोहुमिलाने त्याला हाताने थांब म्हटलं,
आणि चढवलेले हातमोजे पुन्हा काढले.