उणे चाळीस

दर शुक्रवारी लामियांग होडीतून उतरते,
जमिनीत पुरलेल्या नळीत काठी सोडते,
ओली रेघ बघते, वहीत लिहिते:
उणे अडतीस.
म्हणजे पाणी जमिनीच्या अडतीस सेंटिमीटर खाली.
चाळीसपर्यंत चालेल, असं पालांकारायाच्या ऑफिसातला माणूस म्हणाला.
चाळीसच्या पुढे काय,
ते तिला सांगायची गरज पडली नाही.

काहायानच्या काठची ही माती माती नव्हेच.
पाच हजार वर्षांचा पाला, साली, आडवी झालेली खोडं,
कोऱ्या चहाच्या रंगाच्या आंबट पाण्यात
कुजायची राहून गेलेली.
एकावर एक मुरत पडली,
बरणीचं झाकण कुणी उघडलं नाही म्हणून टिकली.
मग भात पिकवू म्हणत यंत्रं आली,
पट्टीने आखल्यासारखे कालवे मारले थेट नदीपर्यंत.
भात काही झाला नाही.
पाणी मात्र दार उघडं दिसल्यावर
पाहुण्याने निघावं तसं निघालं,
आणि पाल्याला पहिल्यांदा वारा लागला.

रानात एक लोखंडी दांडा आहे,
तळाच्या पांढऱ्या चिकणमातीत ठोकलेला.
देहेन जन्मला त्या वर्षी, जमिनीला टेकून,
त्यावर लाल पट्टा ओढला होता.
देहेन आता बारा वर्षांचा.
पट्टा त्याच्या कमरेला लागतो.
आजूबाजूची झाडं आपल्या मुळांवर अधांतरी,
लुंगी वर धरून ओढा ओलांडणाऱ्या म्हाताऱ्यांसारखी.

"माती गेली कुठे?" सहा वर्षांचा असताना त्याने विचारलं होतं.
तिने बोट वर केलं.
त्याला वाटलं, आई देवाबद्दल बोलतेय.

पुढच्या कोरड्या साली तर ती जाताना दिसलीच.
आग शेंड्यांवर नव्हती, जमिनीच्या पोटात होती,
रांगत होती.
इथे पाणी ओता, चार होड्यांच्या अंतरावर धूर.
सूर्य पपईच्या फोडीसारखा, बघा किती वेळ हवा तितका,
डोळे दिपायचे नाहीत.
शाळा सात आठवडे बंद.
सासूबाई ओल्या फडक्यातून श्वास घेत म्हणाल्या,
"माझ्या आजीच्या आजीनेही न पाहिलेलं झाड
आज माझ्या नाकात जातंय."
त्या पुढच्या पावसापर्यंत राहिल्या नाहीत.

म्हणून बंधारे.
गेलामच्या ओंडक्यांच्या दोन ओळी, मध्ये मातीच्या गोण्या.
पाणी हळूहळू वर आलं,
आधी नेचे आले, मग बेडूक,
मग डास, त्यांचं कुणी कौतुक केलं नाही.

आणि एका शुक्रवारी: उणे सत्तेचाळीस.
बंधाऱ्याचे दोन ओंडके करवतीने कापलेले,
काप ताजा, अजून चिकाचा वास.
तुंदानची मासळीची तळी पलीकडे आहेत.
होडी डोक्यावरून न्यायचं त्याचं वय नाही,
हे अख्ख्या गावाला माहीत.

वहीत 'कारण' असा एक रकाना आहे.
लामियांगने लिहिलं: ओंडका कुजला.
ज्या पाण्यात काही कुजत नाही,
त्या पाण्याबद्दल.

संध्याकाळी ती त्याच्या पायरीवर जाऊन बसली.
पाण्याचं काही बोलली नाही.
म्हणाली, बंधाऱ्यावर फळ्यांची घसरण करू,
तेल लावून. होडी वरून सरकेल.
देहेन ओढेल.
तुंदान मासे खवलत होता. मान वर केली नाही.
तीन मासे झाल्यावर म्हणाला,
"फळ्या आहेत माझ्याकडे."

पुढच्या शुक्रवारी काठी बाहेर आली.
तिने ती उन्हाकडे धरली, उलटी करून पाहिली,
पेन्सिल जरा वेळ चाळीसपाशी घुटमळली.

मग तिने एक्केचाळीस लिहिलं,
आणि खाली तारीख.