दहा लाख पावलं

लीड्सच्या या तळघरात बारा दिवसांनी वर्ष संपतं.

सहा यंत्रं, प्रत्येकात एक कृत्रिम खुबा,
सेकंदाला एक पाऊल, रात्री, रविवारी, नाताळातही.
दहा लाख झाली की आम्ही म्हणतो,
एका माणसाचं एका वर्षाचं चालणं झालं.
सप्टेंबरअखेर मी इथे आले
आणि फेब्रुवारीत खुब्यांचं एक तप पुरं झालं;
मी मात्र तेवीसचीच, थर्मलवर स्वेटर, स्वेटरवर ॲप्रन.

कीथ मूरहाउस इथला तंत्रज्ञ. त्यानं यंत्रांना
आपल्या मावश्यांची नावं ठेवलीत.
"एडनाला बघ जरा," म्हणतो, "आज कुरकुरतेय."
मी एडनाचं झाकण काढते. आत वंगण म्हणून
वासराच्या रक्तातला पिवळा द्रव.
पहिल्यांदा बदलला तेव्हा वास
दोन दिवस डब्यातल्या पोळीपर्यंत येत होता.
घरी हे सांगितलेलं नाही.

मग वाट्या धुवायच्या, सुकवायच्या, तोलायच्या.
काट्याला काचेचं घर आहे.
श्वास आवरून दार लावायचं,
शेवटचा आकडा थरथरत ठरेपर्यंत
हात मांडीवर ठेवून बसायचं, फोटोला बसल्यासारखं.
गेल्या वेळचं वजन वजा आजचं:
एवढं चालणं प्लास्टिकमधून निघून गेलं.

सातवी वाटी चालत नाही.
ती तशाच द्रवात नुसती बसून असते, भिजते,
किंचित जड होते.
तिचं जडावणं प्रत्येकीच्या हिशेबात धरावं लागतं,
नाहीतर झिजलेल्या वाट्याही
खाऊनपिऊन सुखी दिसतात.
तिला नाव द्यायचं कीथला सुचलं नव्हतं.
मी दिलं. स्वरूपा. माझंच.

बाबा इचलकरंजीत वीजमंडळाचे मीटर वाचायचे.
एकतीस वर्षं, यंत्रमागांच्या गल्ल्या, अरुंद जिने,
डाव्या हातात वही, उजवा कठड्याला.
फोनवर त्यांना सगळं सांगितलं, रक्ताचं सोडून.
"मागचं रीडिंग वजा चालू रीडिंग?" ते म्हणाले,
"म्हणजे उलटा मीटर."
हेच वर्गात सांगायला मला सोळा स्लाइड लागल्या होत्या.
मग विचारलं, "आणि घर बंद असलं तर?"
मी म्हटलं, इथे घर बंद नसतं, बाबा.

परवा हॉस्पिटलातून एक डबा आला.
खऱ्या माणसातून काढलेला खुबा, निर्जंतुक, पिशवीत.
चिठ्ठीवर: स्त्री, एकाहत्तर, डावा, चौदा वर्षं.
वाटी एका कडेला इतकी पातळ
की दिव्यासमोर धरली तर पलीकडचं बोट दिसलं.
बाकीची जवळजवळ नवी.
"काय उचलत असेल ही त्या बाजूनं?"
कीथ बराच वेळ बघत राहिला.
"किंवा कुणाला," म्हणाला, आणि चहाचं पाणी ठेवायला गेला.

काट्यावर आकडा लगेच ठरला.
पण चौदा वर्षांपूर्वी, आत बसवण्याआधी,
ती कुणी तोलून ठेवली नव्हती.
मागचं रीडिंग नाही. दाराला कुलूप.

पुन्हा फोन लावला. अशा वेळी काय करायचात?
"सरासरी लावायची. पुढच्या महिन्यात परत जायचं.
लोक भांडतात सरासरीवर,
आणि बरोबरच असतं त्यांचं."
मग जरा थांबून, "बाई आहे ना अजून?"
चिठ्ठीवर ते लिहिलेलं नव्हतं.

रकान्यात आकडा भरला, पुढे 'अंदाजे'.
आपल्या खोलीतला तेवढा दिवा मालवला;
पलीकडे सहाही मावश्या चालतच होत्या.
बाहेर चढ, ओल्या फरश्या, बंद होत आलेलं मांसाचं दुकान.
कॅनॉलच्या पुलापाशी एक बाई थांबून
पिशवी डाव्या हातातून
उजव्या हातात घेत होती.