पाठीमागचं

अकरा वाक्यं बोललो मी स्पॅनिशमधून :
साखर, काळी पडलेली बोटं,
घोट्यापासून कापावं लागेल,
नाही कापलं तर.

एलिओदोरोनं आयमारात सांगितलं
दोन शब्दांत.
‘बाकीचं?’
‘बाकीचं अजून यायचंय, डॉक्टर.
आमच्यात गेलेले दिवस डोळ्यांसमोर असतात,
दिसतात ना, म्हणून.
येणारे पाठीमागे.
तुम्ही म्हातारीला मान वळवायला सांगताय.’

सातुर्निना कोंदोरी
फॉर्मकडे नाही, माझ्या बुटांकडे बघत होती.
लामांमागं कोण जाईल, तिनं विचारलं.
फॉर्मवर तो रकाना नव्हता.

शाईचा पॅड उघडाच होता.
तिचा अंगठा धरून टेकवणं
किती सोपं.
नर्सनं सुचवलंही तसं, भल्यासाठीच.

मी पॅड मिटला.
खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो,
तिचं तोंड जिकडे, तिकडेच तोंड करून.
खिडकीत वारा, सुकलेलं इचू गवत.

बऱ्याच वेळानं म्हणाली,
तुझी आई कशानं गेली?

एवढंच मला नीट दिसत होतं.
सांगितलं.
कुणी तिला विचारलं नव्हतं, तेही.

मग तिनं पाय उचलून
माझ्या मांडीवर ठेवला.
एलिओदोरो घाईनं म्हणाला,
‘फक्त ड्रेसिंगपुरता हं.’