बारदान परत

मिरजेला सव्वा हात आतडं काढलं माझं.
सव्वा हात हे माझं माप.
डॉक्टर शिरगुप्पे सेंटिमीटरमध्ये बोलत होते,
मी मनात सुतळी धरून मोजत होतो.
टीबीनं आवळलेलं, लहान आतड्याचं शेवटचं टोक.
"ते नसलं तरी चालतं," हाताखालचा पोरगेला डॉक्टर म्हणाला.
चालतं. फार चालतं.
दिवसातून नऊ वेळा.

एकतीस वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर
बारदानाचा हिशेब माझ्याकडे.
पोती भरून जातात, रिकामी होऊन येतात,
तीच झटकायची, तीच शिवायची, तीच पुन्हा भरायची.
शंभर गेली तर पंचाण्णव परत आली पाहिजेत,
नाहीतर मालक चष्म्यावरून बघतात.

म्हणून शिरगुप्प्यांनी रिपोर्टच्या पाठीवर चित्र काढलं
तेव्हा मला एका दमात कळलं:
यकृत पित्त करतं,
हरिपूरला हळदीचं असतं तसं त्याचं एक लहानसं पेव, तिथे साठवतं,
जेवण आलं की ते खाली उतरतं, तेलातुपाला फोडून देतं,
आणि काम झालं की त्या शेवटच्या टोकाशी
कुणीतरी बसलेलं असतं, मोजत, गोळा करत,
रक्ताच्या गाडीत घालून माघारी धाडत.
तेच पित्त. दिवसाला सहा-सात फेऱ्या.

"म्हणजे बारदान," मी म्हणालो.
डॉक्टर थांबले. "काय?"
"काही नाही. तुम्ही माझी जागा कापली."

आता माघारी कोण धाडणार?
ते तसंच पुढे, मोठ्या आतड्यात शिरतं,
जिथे त्याचं काही काम नाही,
आणि त्याच्या जळजळीनं तिथली भिंत पाणी सोडते.
यकृत आपलं नवं करत राहतं.
नवं बारदान केवढ्याला पडतं, त्याला कोण सांगणार.

आई म्हणायची, तुझ्यासाठी आतडं तुटतं रे.
तिला कुठे माहीत होतं
की ते बरणीत घालून तपासायला पाठवतात
आणि वर पावती देतात.

सांगलीचा माझा नकाशा बदलला आहे.
गणपती पेठेत एक, स्टँडवर दोन, एकाला कडी नाही.
मग विश्रामबागेपर्यंत काहीच नाही.
बस सिग्नलला थांबली
की मी उलटे आकडे म्हणतो, शंभरापासून.

पुडी दिली आहे, संत्र्याच्या वासाची, वाळूसारखी.
ढवळली तरी विरघळत नाही, तशीच प्यायची.
ती भटक्या पित्ताला धरून ठेवते,
परत पाठवत नाही, फक्त दंगा करू देत नाही.
बाकीच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब.
नऊचे तीन झाले.
सुनंदाच्या माहेरी धपाट्यावर लोणी घेतलं, त्या दिवशी सात.
लोण्याचा मला पश्चात्ताप नाही.

अडतीवर सगळंच पिवळं: भिंती, नाणी, मांजर.
मी उठून पळालो तरी कुणी मान वर करत नाही.
आज सौदे चालू असताना परत आलो
तर वहीवर संडासाची किल्ली.
इतकी वर्षं ती मालकाच्या खिशात असायची, मागावी लागायची.
तिला नवी सुतळी, नीट गाठ मारलेली.

दादू वायदंडे पाठीवरचं पोतं न उतरवताच म्हणाला,
"न्यायची, आणून ठेवायची.
हिशेब मी ठेवतोय."