चाळीस ग्रॅम

शिरपूरहून निघालो तेव्हा जीपमध्ये
शिक्क्यांची पेटी, पितळी वजनं, पावतीपुस्तक
आणि शिपाई वना बोरसे, झोपेत.
वर्षातून एकदा थाळनेरचे काटे तपासायचे,
एवढंच माझं या राजधानीशी नातं.

राजधानी असं मी म्हणतो.
पाटीवर नुसतं थाळनेर, खाली किलोमीटर,
आणि त्या आकड्यावर कुणी चिकटवलेली
ठिबक सिंचनाची जाहिरात.

बाजार भरायला अवकाश होता म्हणून कबरींकडे गेलो.
फारुकी सुलतान इथे झोपलेत, म्हणजे काही जण.
पुढचे बऱ्हाणपूरला गेले, नदीच्या वरच्या अंगाला,
राजधानीसकट.
तेव्हापासून तापी
नव्या राजधानीचं उष्टं पाणी
जुनीला पाजत राहिली.
मग असीरगड पडला, नवीही जुनी झाली.
नदीला त्याची वर्दी कुणी दिली नसावी.

आठ कोनांची कबर सगळ्यांत देखणी.
उंबऱ्यात एक शेळी उभी,
तिला आत जायचं नव्हतं, बाहेरही.
सुपडू भोई झाडत होता. विचारलं,
यातला थोरला राजा कोणता?
"माले काय म्हाईत, सायेब.
झाडताना बठ्ठा सारखाच लागतस."
मी बाजूला झालो नाही,
तर त्यानं मलाही वळसा घालून झाडलं.

किल्ल्याच्या बुरुजावर बसलो.
बुरुज कसला, एक दमलेला उतार.
राज्य म्हणजे तरी शेवटी काय,
हा शेर, हा मण, हे नाणं खरं,
असं कुणीतरी ठरवणं, आणि बाकीच्यांनी ते मानणं.
मीही तेच करतो, हातोडीनं.
माझ्या शिक्क्याची मुदत एक वर्ष,
त्यांच्या शिक्क्याची दोनशे.
फरक मोठा आहे,
पण मोजता येतो.

बाजारात डांगरांच्या ढिगामागे एक म्हातारी.
नाव ठगूबाई. वनाला हसू आलं.
तराजूत वजनाच्या जागी दगड,
काळा, एका अंगानं गुळगुळीत,
दुसऱ्या अंगावर कमळाच्या अडीच पाकळ्या.
कुठून आणलास?
"पूरमा वाही उना."

पितळी किलोसमोर ठेवला.
पारडं दगडाकडे झुकलं.
मी छोटी वजनं घालत गेलो, वीस, दहा, दहा.
चाळीस ग्रॅम जास्त.
तिला सांगितलं, बाई, किलोमागे चाळीस ग्रॅम
तूच गमावतेस,
किती वर्षं झाली?
ती बोटांवर काही मोजायला लागली
आणि तिसऱ्या बोटावर सोडून दिलं.
"जाऊ द्या. डांगर म्हंजे पानीच तं शे."

वजन खोटं ते खोटं, कुणाच्याही बाजूनं असो.
कायद्यात गिऱ्हाइकाच्या बाजूच्या खोटेपणाला
वेगळं कलम नाही.
पावतीवर लिहिलं: बिनशिक्क्याचा दगड, नग एक, जप्त.
कोरीव असं लिहायला रकाना नव्हता.
दंडाचे पैसे मीच भरले, वना बघत नसताना,
नंतर कळलं की तो बघत होता.

पेटीतलं जुनं किलोचं वजन तिला दिलं.
त्यावर तिनं मला एक डांगर तोलून दिलं, चोख,
काटा मधोमध.
मग सुरीनं दुसऱ्यातली एक फोड काढली
आणि वर ठेवली.

दगड अजून कचेरीत जमा केलेला नाही.
जीपच्या सीटखाली असतो.
गतिरोधक आला की घरंगळतो,
वना डोळे न उघडता म्हणतो,
साहेब, राजे उठले वाटतं.