माया

शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात
त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात.
गंगावेशीच्या आतल्या गल्लीत एकतीस वर्षं
मी लोकांच्या पँटींत माया सोडत आलो.

वह्या आहेत सतरा, लाल पुठ्ठ्याच्या.
नाव, कंबर, सीट, मांडी, उंची, ॲडव्हान्स.
इंगवल्यांचा किशोर, लग्नाचा सूट: एकोणतीस.
बँकेत कायम झाला: बत्तीस.
आपटेनगरात फ्लॅट घेतला: चौतीस.
मग बढती, मग गाडी,
"काका, ह्या खेपेला दीड इंच माया ठेवा,
सारखा सारखा तुम्हाला ताप नको."
मागच्या दिवाळीला साडेएकोणचाळीस.
लोक म्हणायचे, मानवलंय गड्याला.
मीही म्हणायचो. वही समोर उघडी असायची.

टेप कमरेला लागली की जो तो श्वास आत घेतो.
वकील, फाउंड्रीवाला, गुजरीतला सराफ,
खोटं बोललं की छडी मारणारे मोमीन मास्तरसुद्धा.
मी काही बोलत नाही.
इंचभर जास्तच लिहितो.

संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी येतात.
धारोष्ण दुधाचे ग्लास फेसासकट रिकामे होतात.
पूर्वी पिणारा घामेजून यायचा,
आता एक पाय रस्त्याला टेकवून, गाडीवरूनच.
रंकाळ्याला पहाटे फेऱ्या घालतात, मान्य.
पण फेरीच्या शेवटी मिसळ असते
आणि मिसळीला कट जादा.
रविवारी तांबडा वाढणारा हात अडवून बघा,
वाढणारी रुसते.
तीही मायाच.

गेल्या महिन्यात मंडळाच्या हॉलमध्ये तपासणी शिबिर झालं.
मी माप द्यायला नव्हे, पडदे शिवून द्यायला गेलो होतो.
कुरणे नावाची पोरगी, गळ्यात टेप माझ्यासारखीच,
फक्त सेंटिमीटरची बाजू वर.
"काका, या."
एकतीस वर्षांत माझ्या कमरेला कुणी टेप लावली नव्हती.
मी श्वास आत घेतला.
"सोडा," ती म्हणाली. "सोडा काका, मी पण मापंच घेते."

एकशे एक.
मग दंडाला पट्टा, मग सुई,
चार दिवसांनी कागद:
पाच रकाने, चारांपुढे लाल खूण.
"तक्रार काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.
तक्रार काहीच नाही.
भूक लागते. झोप लागते,
म्हणजे घोरतो, मालन सांगते.
"हाच तर घोळ आहे," ते म्हणाले,
"दुखलं असतं तर लवकर आला असता."

रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून
माझी चालू पँट उलटी केली.
मागच्या शिवणीतली माया संपलेली.
तीनदा उसवल्याच्या टाक्यांच्या खुणा, शेजारी शेजारी,
आणि त्यांच्यामध्ये कापडाचा मूळ रंग,
गडद निळा, ऊन न बघितलेला.
तिन्ही वेळा मीच उसवलं होतं,
एकदाही वहीत मांडलं नव्हतं.

आज किशोर आला. पोराचं लग्न ठरलंय.
पोरगा सत्तावीसचा, कंबर छत्तीस,
एरवी इलॅस्टिक घालतो.
इलॅस्टिक काही सांगत नाही,
गुपचूप वाढत राहतं.
"काका, माया भरपूर ठेवा," बाप म्हणाला.

खडू कापडाला टेकला होता.
म्हटलं, किशोर, बस जरा.
चहा सांगतो, बिनसाखरेचा.
तो हसला.
मी गळ्यातली टेप काढली,
त्याच्या हातात दिली
आणि दोन्ही हात वर केले.