पोशन्नाचा अंगठा

पहाटे साडेचार. सनैयात, सतरा नंबरच्या गल्लीत
छावणीच्या फाटकाशी टांगलेलं यंत्र, त्याच्यापुढे रांग.
अंगठा टेकवायचा, हिरवा दिवा, बसमध्ये चढायचं.
मी टाइमकीपर. मला खुर्ची आहे.

पोशन्नाचा अंगठा लागत नाही.
सव्वीस वर्षं सिमेंट कालवून रेघा झिजल्या,
अंगठा कसला, नदीतला गोटा.
यंत्र म्हणतं, ट्राय अगेन.
तो सदऱ्याला पुसतो, जिभेला लावतो,
केसांत घासतो, थोडं तेल लागावं म्हणून.
ट्राय अगेन.
मागचे ओरडतात, बस हॉर्न देते,
आणि तो माझ्याकडे बघून हसतो,
जणू उशीर त्याच्यामुळे नाही,
कुणा खोडकर नातवामुळे होतोय.

निर्मळकडचा. मोडकं मराठी बोलतो.
मी शेवगावचा म्हटल्यावर म्हणाला होता,
"तुमी पानी अडवता, सार, आमची गोदावरी वाळते,"
आणि डब्यातली अंबाडीची भाजी पुढे केली होती.
तेव्हा वही होती. रोज मी हाताने लिहायचो:
पोशन्ना, हजर.
सहा अक्षरं. तेवढ्यावर त्याचा दिवस उभा राहायचा.

मग पत्र आलं: वही बंद, यंत्र सांगेल तेच खरं.
त्या महिन्यात पोशन्नाचे अकरा दिवस गेले.
भिंत उभी होती त्याने बांधलेली, सातव्या मजल्यापर्यंत,
पण भिंत काही सही करत नाही.

हेड ऑफिसचे साहेब आले. पोशन्नाला समोर उभं केलं.
"हा रोज यायचा?"
"सिस्टीमला दिसत नाही, सर."
"तू पाहिलंस?"
"पाचशे माणसं असतात, सर."
"पण याला ओळखतोस ना?"
मुलीची फी होती. बँकेचा हप्ता होता.
"तसा नाही ओळखत."
कोंबडा आरवला नाही. इथले कोंबडे
ब्राझीलहून गोठून येतात.
एसी तेवढा गुरगुरत होता.

आमच्याकडे न शिकलेल्याला अंगठेबहाद्दर म्हणतात
आणि फसवलं की म्हणतात, अंगठा दाखवला.
त्या खोलीत दोघांचेही अंगठे होते.

शुक्रवारी उपासना. दोहाबाहेर वाळूत
चर्चची वसाहत, बाहेरून क्रूस दिसत नाही,
दारावर बॅगा तपासतात.
मराठी मंडळीला हॉल दोन ते साडेतीन.
आधी तमिळ मंडळी असते,
खुर्च्या त्यांच्या प्रार्थनेने अजून गरम.
पाळकसाहेब मातीच्या माणसाबद्दल सांगत होते.
ते सुवर्णवचन मला शब्बाथशाळेपासून पाठ,
बक्षीस म्हणून पेन्सिल मिळाली होती.
पण मला भलताच प्रश्न पडला:
एवढी माती मळून, आदामापासून पोशन्नापर्यंत,
देवाच्या तरी बोटांवर रेघा उरल्या असतील का?
तो पहाटे रांगेत उभा राहिला,
खिळ्याचं भोक असलेला हात यंत्रावर ठेवला,
आणि यंत्र म्हणालं, ट्राय अगेन,
तर मी काय म्हणेन? खुर्चीत बसून?
प्रभुभोजनाची ताटली माझ्यापर्यंत आली.
मी ती शेजारच्याकडे सरकवली.

संध्याकाळी छावणीत गेलो. आठ जणांची खोली,
पोशन्ना वरच्या बर्थवर, पाय खाली सोडून.
पाकीट दिलं. अकरा दिवसांचे, माझ्या खिशातले.
माफी मागायचं ठरवून गेलो होतो,
तोंडातून निघालं, "कंपनीने दिलेत."
म्हणजे तिथेही.

त्याने नोटा काढल्या, अंगठ्याला थुंकी लावली.
नोटा घसरत होत्या, दोन दोन, चार चार,
एक खाली वाळत घातलेल्या मोज्यांवर पडली.
त्याने गठ्ठा माझ्याकडे परत केला.
"तुमीच मोजा, सार.
तुमच्या बोटाला रेघा हायत."

मी मोजायला लागलो.
तीनदा चुकलो.